एका मुलीसाठी चालणाऱ्या जपानी स्टेशनची गोष्ट सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय वक्ते, ग्रुप ॲडमिन आणि रोज सकाळी चहाआधी एक बोधकथा पुढे ढकलणाऱ्या तमाम काका-मावश्यांनो,

सप्रेम नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने मी जपानात असतो, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामुळे ती गोष्ट माझ्याकडे हमखास येते. होक्काइदोच्या बर्फात एक एकाकी स्टेशन. उतारू एकच, शाळकरी मुलगी. रेल्वेने स्टेशन बंद करायचं ठरवलं होतं, पण या मुलीचं कळल्यावर निर्णय फिरवला, तिच्या शाळेच्या वेळेवर गाडी बसवली आणि तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत स्टेशन चालू ठेवलं. खाली ठरलेली ओळ असते: ‘याला म्हणतात देश! आणि आपल्याकडे...’ ते तीन ठिपके ज्याने त्याने आपापल्या रागाप्रमाणे भरून घ्यायचे.

मध्यंतरी एका शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणाची चित्रफीत कुणीतरी धाडली. वक्त्यांचा कंठ दाटून आला होता, पालक रुमाल काढत होते, आणि गोष्टीतली मुलगी एव्हाना पाचवीत जाऊन बसली होती. स्टेशनही सरकत सरकत टोकियोच्या जवळ आलं होतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एकदाच लिहावं म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमच्या भावनेबद्दल माझी तक्रार नाही. पण जे खरोखर घडलं ते तुम्ही सांगता त्याहून जास्त उपयोगाचं आहे, निदान ज्यांना सार्वजनिक वाहतुकीची चाड आहे त्यांना तरी.

होक्काइदो हे जपानचं उत्तरेचं मोठं बेट. त्याच्या मध्यावरच्या आसाहिकावा शहरापासून पूर्वेला, ओखोत्स्क समुद्राकाठच्या आबाशिरीपर्यंत सेकिहोकू नावाचा रेल्वेमार्ग जातो. डोंगर ओलांडला की शिराताकी लागतं. २००५ साली ते एन्गारू या नगरात विलीन झालं. हा ऑब्सिडियन या काळ्या काचेसारख्या दगडाचा मुलूख. इथे सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांना २०२३ मध्ये जपानने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. या शिराताकीच्या आजूबाजूला आणखी तीन पिटुकली स्टेशनं होती: कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी. वरचं, जुनं आणि खालचं.

तुमच्या फॉरवर्डमधला फोटो कामी-शिराताकीचा. मुलगी गाडीत चढायची ती क्यू-शिराताकीहून. दोन्हींच्या मधे शिराताकी हे मुख्य स्टेशन. जानेवारी २०१६ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीच्या फेसबुक पानावरून ही कथा जगभर गेली तेव्हाच ही गल्लत झालेली होती. कामी-शिराताकीला दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक गाडी थांबायची. ते वेळापत्रक या मुलीच्या शाळेला चिकटवलं गेलं आणि कथेला पाय फुटले. क्यू-शिराताकीहून सकाळी सव्वासातच्या सुमाराला एन्गारूकडे गाडी होती हे खरं. पण ती तिच्यासाठी सोडलेली खास गाडी नव्हती. वाटेतल्या गावांतून शाळेला, दवाखान्याला जाणाऱ्यांची ती रोजची गाडी.

आता ‘ती पास झाली आणि मग स्टेशन बंद केलं’ याबद्दल. जपानात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं. रेल्वेचं मोठं नवं वेळापत्रकही दरवर्षी बहुधा मार्चमध्येच लागू होतं. तिचं शिक्षण संपणं आणि स्टेशन बंद होणं एकाच महिन्यात यायला कुणी दयाळू असावं लागत नाही, कॅलेंडर पुरतं. २६ मार्च २०१६ रोजी नवं वेळापत्रक लागू झालं तेव्हा होक्काइदोत एकूण आठ स्टेशनं बंद झाली. त्यांत ही तिन्ही शिराताकी होती. उरलेल्या पाचांसाठी कुणाचाच कंठ दाटला नाही. आणि त्याच दिवशी होक्काइदोत पहिली शिनकानसेन, म्हणजे आपण बुलेट ट्रेन म्हणतो ती, शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत पोचली. एका टोकाला बुलेट आली, दुसऱ्या टोकाला आठ फलाट गेले. कामी-शिराताकी गेल्यावर कामिकावा ते शिराताकी या ३७.३ किलोमीटरमध्ये एकही स्टेशन उरलं नाही. बुलेटचे मार्ग सोडले तर जेआरच्या, म्हणजे जुन्या राष्ट्रीय रेल्वेतून निघालेल्या कंपन्यांच्या, जाळ्यात दोन लागोपाठच्या स्टेशनांमधलं हे सर्वांत लांब अंतर. भाषणासाठी मला हा तपशील जास्त दमदार वाटतो, पण रुमाल काढण्याजोगा नाही, हे मान्य.

क्यू-शिराताकी जन्माला कसं आलं हेही ऐका. १९४७ साली तो नुसता तात्पुरता थांबा होता. होक्काइदोत असे थांबे पुष्कळ होते: वस्ती विरळ, घरं लांब लांब, हिवाळ्यात रस्ते बंद, मग रेल्वेचं स्थानिक कार्यालय आपल्या अधिकारात एखादा थांबा देऊन टाकायचं. देशभराच्या छापील वेळापत्रकात त्यांतल्या बऱ्याच थांब्यांचं नावही नसे. पुढे १ एप्रिल १९८७ रोजी राष्ट्रीय रेल्वेची वाटणी झाली, तेव्हा ते सगळे एका रात्रीत अधिकृत स्टेशन झाले.

त्या वाटणीतच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, म्हणून जरा थांबतो. राष्ट्रीय रेल्वेतून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतुकीची कंपनी निघाली. टोकियो, नागोया, ओसाका ज्यांच्या वाट्याला आलं त्यांची चांदी झाली. होक्काइदोच्या वाट्याला बर्फ, विरळ वस्ती आणि बंद पडत चाललेल्या कोळशाच्या खाणी आल्या. ही कंपनी नुसत्या तिकिटांवर तगणार नाही हे सरकारला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तिला ६८,२२० कोटी येनचा एक निधी बांधून दिला: याच्या व्याजातून तोटा भरून काढा. तेव्हा व्याजदर धरला होता ७.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ४,९८० कोटी येन. मग जपानात व्याजदर घसरत घसरत शून्याला टेकले. मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाचं जे होतं तेच या कंपनीचं झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने जाहीर करून टाकलं की १,२३७ किलोमीटरचे मार्ग, म्हणजे जवळजवळ निम्मं जाळं, आपल्या एकटीच्या बळावर चालवता येणार नाही. ती मुलगी ज्या मार्गाने शाळेत जायची तो सेकिहोकूही त्या यादीत होता.

तेव्हा फॉरवर्डमध्ये ज्या रेल्वेचं काळीज एवढं मोठं दाखवलंय, तिचा खिसा असा आहे.

निर्मनुष्य स्टेशन म्हटल्यावर आपल्याला काहीतरी अजब वाटतं, पण जपानात ती रोजची गोष्ट आहे. मार्च २०२० अखेर देशात ९,४६५ स्टेशनं होती; त्यांतल्या ४,५६४ स्टेशनांवर एकही कर्मचारी नव्हता. म्हणजे जवळपास निम्मी. होक्काइदोतली तर काही मुलखावेगळी आहेत. १९८०च्या दशकात मालगाड्यांचे गार्डचे डबे निकालात निघाले, तेव्हा चाकं काढून ते डबेच फलाटाशी आणून ठेवले आणि त्यांना स्टेशन म्हटलं. आत दोन बाजूंना बाकं, भिंतीवर एकाच रकान्याचं वेळापत्रक, कोपऱ्यात बर्फ ढकलायचं मोठं हातपावडं, बाकावर गावातल्या कुणीतरी शिवून ठेवलेल्या चार उशा. आणि एक वही. आलेल्या-गेलेल्यांनी त्यात लिहायचं: कुठून आलो, गाडी चुकली, अस्वल दिसलं नाही, नोकरी सुटली, आईची आठवण आली. मी त्या वह्या चाळत बसतो. पुढच्या गाडीला बहुधा अवकाश असतोच.

गाडी येते ती एका डब्याची, डिझेलवर चालणारी. गार्ड नाही, टीसी नाही, चालक एकटा. मागच्या दाराने चढायचं. दाराशी एक पेटी असते, तिच्यातून आकडा छापलेली चिठ्ठी ओढून घ्यायची. तो आकडा म्हणजे तुम्ही कुठे चढलात त्याचा पुरावा. चालकाच्या डोक्यावर एक फलक. त्यावर प्रत्येक आकड्याखाली भाडं, आणि स्टेशन गेलं की ते वाढतं. उतरायचं पुढच्या दाराने, चालकाच्या शेजारच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकून. सुटे नसतील तर त्याच पेटीत हजार येनची नोट घालून सुटे काढायचे. पाच हजारांची किंवा दहा हजारांची नोट पुढे केलीत की चालकाचा चेहरा पडतो आणि मागच्या सगळ्यांची गाडी तुमच्यापायी खोळंबते. शहरातलं टॅपकार्ड अशा बहुतेक ठिकाणी चालत नाही. कुणी फिरायला जाणार असाल तर बोधकथेपेक्षा ही माहिती कामाला येईल.

आणि गेलात तर गाडीने जा. मोटार भाड्याने घेऊन स्टेशनाशी यायचं, फलाटावर फोटो काढायचा आणि निघून जायचं, अशी मंडळी वाढली आहेत, आपलीही. कंपनी दरवर्षी नोव्हेंबरातला एक कामाचा दिवस निवडून प्रत्येक स्टेशनवर किती उतारू गाडीत चढले ते मोजते आणि पाच वर्षांची सरासरी काढते. दिवसाला सरासरी तीन किंवा त्याहून कमी उतारू असले की स्टेशनावर गंडांतर. मोटारीने आलेले त्या मोजणीत धरत नाहीत, मग त्यांनी कितीही हार्ट टाकोत. मार्ग बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी मात्र फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. अशा शौकिनांना जपानीत ‘सोशिकी-तेत्सु’, मयताला येणारे रेल्वेवेडे, म्हणतात, आणि गावकरी ते फारसं कौतुकाने म्हणत नाहीत.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खेड्यातली रेल्वे तगून आहे ती विद्यार्थ्यांवरच. दहावी ते बारावीची तीन वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ. मोठ्यांकडे मोटारी आहेत. ज्यांना अजून परवाना मिळायचाय ती मुलं आणि ज्यांनी म्हातारपणामुळे परवाना परत केलाय ते आजी-आजोबा, एवढेच गाडीला उरतात. मुलांचा पास घसघशीत सवलतीचा, त्यामुळे गाडी भरलेली दिसली तरी गल्ल्यात खडखडाट. एखाद्या घरची मुलगी वरच्या शाळेत गेली की त्या स्टेशनची सरासरी एकाने चढते, ती पास झाली की एकाने उतरते. असं प्रत्येक स्टेशन कुठल्या ना कुठल्या घरच्या मुलावर टांगलेलं असतं. वेळापत्रक लावताना शाळेच्या वेळा बघितल्याच जातात, कारण दुसरं गिऱ्हाईक नाही. याला हवं तर माया म्हणा.

मग जी स्टेशनं तगली ती कशी तगली?

कुणीतरी पैसे मोजले म्हणून. मुरोरान मार्गावर कोबोरो नावाचं स्टेशन आहे. दोन्ही बाजूंना बोगदे, पलीकडे समुद्र, मोटार जाईल असा रस्ताच नाही. कंपनीला ते बंद करायचं होतं. तोयोउरा या गावाने सांगितलं, खर्च आमचा, राहू द्या. आणि २०१६ पासून तो खर्च गाव करतंय. त्यांचा हिशेब सरळ आहे: एवढ्या आडबाजूचं स्टेशन बघायला लोक येतात, जाताना गावात चार पैसे खर्च करतात. उत्तरेला सोया मार्गावर नुकानान आहे. तिथली प्रतीक्षाखोली म्हणजे घराच्या परसात अवजारं ठेवायला घेतात ती तयार पत्र्याची खोली. तिची देखभाल होरोनोबे नगराकडे. २०२१च्या मार्चमध्ये कंपनीने अशीच १८ स्टेशनं बंद केली आणि आणखी १८ स्थानिक नगरपालिकांनी पदरचा खर्च करून सांभाळायला घेतली. बंद आणि चालू यांतला फरक एवढाच, की एका गावाच्या अंदाजपत्रकात बर्फ काढायला आणि दिव्याला तरतूद झाली, दुसऱ्याच्या नाही.

मोठं उदाहरण हवं असेल तर होंशू बेटावरच्या फुकुशिमा प्रांतातला तादामी मार्ग घ्या. जुलै २०११च्या अतिवृष्टीत त्याचे पूल वाहून गेले. तिथली रेल्वे कंपनी म्हणाली, त्या टप्प्यात बस चालवू. प्रांत आणि वाटेतली गावं अडून बसली. शेवटी तोडगा निघाला: त्या टप्प्यातला रूळ, पूल आणि जमीन प्रांताच्या मालकीची, देखभालीचा खर्च प्रांताचा आणि गावांचा, गाड्या कंपनीने चालवायच्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, अकरा वर्षांनी, गाडी पुन्हा धावली. ती अकरा वर्षं बैठका, आकडेमोड आणि भांडणांत गेली. इथे बोधकथेला एकही गोंडस चेहरा सापडत नाही, म्हणून ही तुमच्यापर्यंत पोचली नसावी.

आणि सगळं काही गोडही नाही. होक्काइदोतल्या शिन-तोत्सुकावा स्टेशनवरून दिवसाला एकच गाडी सुटायची, सकाळी दहाला. मे २०२० मध्ये तिला निरोप द्यायचं ठरलं होतं. कोरोनात गर्दी नको म्हणून घाईघाईने १७ एप्रिललाच शेवटची गाडी सोडली. तिकडे दक्षिणेला क्यूशू बेटावरच्या ओइता इथे चाकाच्या खुर्चीवरच्या काही प्रवाशांनी २०२०च्या सप्टेंबरमध्ये जेआर क्यूशू या तिथल्या रेल्वे कंपनीवर दावा लावला. स्टेशनवरची माणसं काढून घेतल्यामुळे गाडीत चढायला मदत हवी तर आधी कळवून ठेवावं लागतं. इतरांसारखं मनात आलं की निघावं, हा आमचा हक्क गेला, असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या फलाटाचा फोटो सुंदर येतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या फोटोतलं काय दिसत असेल, हे भाषणात एकदा तरी येऊ द्या.

आता तुमचे ते तीन ठिपके. महाराष्ट्रात मागास तालुक्यांत मानव विकासची निळी एसटी धावते, ती मुलींना शाळेत पोचवण्यासाठीच. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. हे कुणा साहेबाचं काळीज पाझरलं म्हणून चाललेलं नाही. शासनाचा निर्णय आहे, त्याला पैसा लागतो आणि तो तुमच्या-आमच्या करातून जातो. तुमच्या तालुक्यात ती बस वेळेवर येते का? आषाढात येते का? शाळा सुटल्यावर मुली स्टँडवर किती वेळ ताटकळतात? जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर रेल्वे, आपली ‘पीजे’, २०२०च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा तिच्यावर कॉलेजला जाणाऱ्या मुलांची गोष्ट यांतल्या किती ग्रुपांवर आली होती? माझ्याकडे तरी एकही आली नाही. होक्काइदोची मात्र येतच राहिली.

उखाळ्यापाखाळ्या काढायचा हेतू नाही. पण परदेशातल्या काल्पनिक मायेचं कौतुक केलं की आपल्या आगारात जाऊन काही विचारायची गरज उरत नाही, असं मला वारंवार दिसतं. तोयोउराच्या लोकांनी नगरपालिकेत हात वर करून खर्च मंजूर केला. कौतुक करायचंच तर त्यांचं करा.

राहता राहिली ती मुलगी. ती आता चांगली मोठी बाई असेल, कुठेतरी नोकरी-संसार करत असेल. सकाळच्या थंडीत गाडीची वाट बघणारी सतरा-अठरा वर्षांची पोर, तिचं नाव आणि तिचा चेहरा तिला न विचारता जगभर फिरले आणि अजून फिरताहेत. आपल्या घरातल्या मुलीचा फोटो असा अनोळखी देशातल्या ग्रुपांवर फिरला तर आपण काय म्हणू ते सांगायला नको. भाषणात तर तिचं नाव घ्यायची काहीच गरज नसते, तरी आवर्जून घेतलं जातं.

तेव्हा विनंती एवढीच. जुना मजकूर आला की तो पुढे न ढकलता खालचा पाठवा. लांबी साधारण तेवढीच ठेवली आहे:

‘जपानच्या होक्काइदो बेटावरच्या रेल्वेला अनेक खेड्यांतली स्टेशनं परवडत नाहीत. दिवसाला सरासरी तीनपेक्षा जास्त उतारू नसतील तर स्टेशन बंद व्हायची वेळ येते. २०२१ मध्ये अशी १८ स्टेशनं बंद झाली आणि १८ स्टेशनांचा खर्च तिथल्या नगरपालिकांनी उचलला. आपल्या गावात येणारी सकाळची एसटी किती वाजता येते, तिच्यातून किती मुलं जातात आणि ती किती दिवस आलीच नाही, हे या आठवड्यात लिहून काढा आणि आगार व्यवस्थापकांना नेऊन द्या.’

फोटो जोडू नका.

आपला,
होक्काइदोत एका डब्याच्या गाडीने फिरणारा एक मराठी माणूस